हद्दीच्या अलीकडे

“बाबा, सगळ्यांची तपासणी तू करतोस. तुझी कोण करतं?”

विचारलं बाई एकदाचं! संघातल्या टॅबी आणि रोंडाने पैजच लावली होती, की हे बापाला तोंडावर विचारायची ब्रिनची छाती नाही. त्या दोघी पुढे निघालेल्या गाडीने केव्हाच मेरीलँडात पोचल्या होत्या. ब्रिन मात्र अजून पेनसिल्व्हेनियातच होती. हद्दीअलीकडच्या शेवटच्या खानावळीबाहेर, उघड्या डिकीसमोर, आईबाबांच्या मधोमध.

मर्ल स्टॉफर शाळेच्या नेमबाजी संघाचा प्रशिक्षक नव्हता. तो नुसता ब्रिनचा बाप होता, पण दरारा प्रशिक्षकापेक्षा मोठा. स्पर्धा दुसऱ्या राज्यात असली की प्रत्येकीची डिकी तो स्वतः तपासायचा. पोरी पाठीमागे त्याला ‘जकातनाका’ म्हणायच्या.

“आधी उत्तरं दे, मग प्रश्न विचार,” बाबा म्हणाला. “बंदूक?”

“रिकामी.”

“पेटी?”

“कुलूपबंद.”

“काडतुसं?”

“वेगळ्या डब्यात. त्यालाही कुलूप. किल्ल्या आईकडे.”

“आणि शेवटचं?”

हे तिला झोपेतही पाठ होतं. “ज्याचं पलीकडे काम नाही, ते अलीकडेच राहतं.”

“शाबास. आपल्याकडचा परवाना तिकडे नुसता कागद. तिकडचा पोलीस तुझं गोड हसू बघणार नाही. सरळ बेड्या.”

“झालं तुझं? आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.”

“सोड ना गं,” आई म्हणाली. “उशीर होतोय.”

पण बाबा खुशीत होता. पोटात पॅनकेकची चळत होती, वर तळलेलं स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वड्या. “माझी तपासणी? घे, तूच कर!” म्हणत त्याने विमानतळावर करतात तसे दोन्ही हात वर केले. जाकीट वर सरकलं.

कमरेला पिस्तूल होतं.

नेहमीचंच होतं ते. सकाळी पट्ट्याबरोबर कमरेला चढायचं, रात्री पट्ट्याबरोबर उतरायचं. दुकानात, बँकेत, चर्चमध्येसुद्धा. इतकी वर्षं, की आता ते अंगावर आहे हे त्याला जाणवतही नव्हतं. सगळ्या गावाच्या डिक्या उपसल्या, आणि कळसा स्वतःच्याच काखेत. समोर रस्त्याच्या टोकाला मेरीलँडची पाटी दिसत होती.

“मर्ल,” आई हळूच म्हणाली, “भरलेलं आहे?”

“असतंच.” बाबाचे हात अजून वरच होते. ते त्याने सावकाश खाली घेतले.

घरी जाऊन यायचं म्हटलं तर तोवर नावनोंदणी बंद झाली असती. संघाला पाच जणी लागतात. ब्रिन नाही, तर टॅबी नाही, रोंडा नाही, कुणीच नाही. आणि शाळेचं हे शेवटचं वर्ष.

“खानावळीतल्या बाईंकडे ठेवू या?” आईने विचारलं.

“माझं हत्यार परक्याच्या हातात? डोकं फिरलंय का तुझं?”

“मग तू इथे थांब. आम्ही दोघी जातो.”

“आणि हिची स्पर्धा? एक तरी चुकवलीय का मी आजवर?”

नव्हती चुकवली. बर्फ पडत असतानाही नाही, ताप असतानाही नाही. ब्रिन बंदूक खांद्याला लावायची तेव्हा मागे कुठेतरी बाबा खोकायचा. मग ती चकती सोडायची हाक द्यायची, मातीची चकती हवेत उडायची, आणि फुटायची.

बाबाने इकडेतिकडे पाहिलं. डिकीचं झाकण अर्धं खाली ओढलं. आवाजही खाली आणला. “हे बघा, रिकामं करतो. जादा टायरखाली टाकतो. एका दिवसाचा प्रश्न आहे. कोण बघतंय?”

आई ब्रिनकडे पाहत राहिली.

ब्रिनने हे शब्द आधी ऐकले होते. बाबाच्या तोंडून नाही, रोंडाच्या. गेल्या वर्षी अशाच एका खानावळीबाहेर रोंडाच्या जाकिटाच्या खिशात काडतुसं सापडली होती. सरावानंतर विसरून राहिलेली, जेमतेम मूठभर. “काका, कोण बघतंय?” असं ती म्हणाली होती. बाबाने तिला तिथूनच घरी परत पाठवलं. संघ बाद झाला. रोंडा आठवडाभर ब्रिनशी बोलली नाही, आणि ब्रिनने सगळ्या वर्गासमोर बापाची बाजू घेतली होती.

मोबाइल थरथरला. टॅबी विचारत होती, “विचारलंस का? की फाटली?”

ब्रिनने मोबाइल खिशात टाकला. डिकी पुन्हा पूर्ण उघडली. आपली पेटी पाहिली, डबा पाहिला, दोन्ही कुलपं ओढून पाहिली. अगदी बाबासारखी. मग डिकी धाडकन लावली आणि बाबापुढे हात पसरला.

“गाडीची किल्ली दे.”

“कशाला? राज्याबाहेर तू अजून कधी गाडी...”

“बाबा. किल्ली.”

बाबाने आईकडे पाहिलं. आई शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने पट्टा लावला. बाबाने खिशात हात घातला. किल्ली ब्रिनच्या तळहातावर ठेवताना तो एकदा खोकला.

ब्रिनचे शब्द ठणठणीत निघाले. “आई, बाबा, दोघंही ऐका. गाडी मी चालवणार आणि स्पर्धा मी खेळणार. संध्याकाळी परत येईपर्यंत, बाबा, तू इथेच बसायचंस. ज्याचं पलीकडे काम नाही, ते अलीकडेच राहतं.”