सातव्या गणिताचं चिन्ह

"एकोणचाळीस जणांचं सातवं गणित चुकलंय, आणि उत्तर सगळ्यांचं एकच!" सरांनी पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "कॉपीबहाद्दरांनो, बरोबर आलंय ते एकट्या माझ्या मुलाचं. ज्याने कॉपी केली, त्याचं नाव शाळेतून काढायला लावीन!"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, असमीकरणाला उणे तीनने भागलं की चिन्ह उलटतं, 'पेक्षा लहान'चं 'पेक्षा मोठं' होतं. तुम्हीच शिकवलंय."

"मला अक्कल शिकवतेस?" सर तावातावाने फळ्याकडे वळले. भागाकार संपला तेव्हा फळ्यावर एकोणचाळीस जणांचंच उत्तर होतं. घरी उत्तरं काढताना चिन्ह उलटायला तेच विसरले होते.

 

उत्तरांचा तो कागद घरच्या कपाटात कुलूपबंद होता, आणि किल्ली कुठे असते हे त्यांच्याखेरीज फक्त मुलाला ठाऊक होतं.