डबीची रिंग

जेलीसारख्या मऊ पदार्थातले रेणू कसे हलतात ते पाहायला सुहानाला परदेशातल्या न्यूट्रॉन यंत्रावर वर्षभर वाट पाहिल्यावर तीन दिवस मिळाले होते. निघण्याआधी तिने नमुना ठेवायची डबी शनिवार पेठेत कुकर दुरुस्त करणाऱ्या अब्बांना कौतुकाने दाखवली.

"बेटा, झाकणाची रिंग थकलीये. बदलून घे."

"अब्बा, हा कुकर नाहीये!" ती फटकन बोलली.

तिथे पहिल्याच दिवशी डबी गळली. त्या मापाची रिंग कुणाकडेच नव्हती. तिन्ही दिवस वाया गेले. घरी येऊन तिने तोंड वर करून सांगितलं, "मशीन बिघडलं."

"मशीनच ते, चालायचंच," अब्बा म्हणाले.

 

बॅग रिकामी करताना बाजूच्या कप्प्यात एक पुडी सापडली. आत त्याच मापाची नवी रिंग, वर अब्बांचं अक्षर: "लागलीच तर."