पाडव्याच्या सकाळचा सौदा

गुजरातमधल्या उंझ्यात दिवाळी पाडव्याला, म्हणजे गुजराती नववर्षाच्या सकाळी, नावापुरता मुहूर्ताचा सौदा केल्यावाचून कोणताही व्यापारी मठियांच्या कुरकुरीत फराळाला हात लावत नाही. जयंतीभाईंनी नव्या दलालाकडे परीक्षेपुरता जिऱ्याचा वायदा घेतला आणि अर्ध्या तासात मोबाइलवर नऊ हजारांचा नफा झळकला. "कोकिला, बघ! दलाल खरा निघाला! प्लॉट विकून आलेले बावीस लाखही आत्ताच पाठवतो!" "थांबा हो," सोळा वर्षे पेढीचा व्यवहार पाहणाऱ्या पत्नीने अडवले, "आज सरकारमान्य वायदेबाजार बंद आहे. मग भाव हलवला कोणी?" जयंतीभाईंचे बोट हवेतच थबकले. त्यांनी दलालाला स्पीकरवर फोन लावला. "साल मुबारक, शेठ!" पलीकडून उत्साह ओसंडत होता. "आज बाजार बंद असताना माझा सौदा झाला कुठे?" "शेठ, तुमच्यासारख्यांसाठी आमचा बाजार कधीच बंद नसतो!" कोकिलाबेन फोनकडे वाकून म्हणाल्या, "मग भाऊ, तुझ्या त्या बाजारात आजपासून तूच विक, तूच घे!"