बढतीची तार

लढाईच्या दिवसांत वेल्ह्याजवळच्या ठकुबाईला पलटणीतून इंग्रजी तार आली. गावात शिकलेले म्हणून मिरवणाऱ्या आनंदरावांनी ती दोनदा उलटसुलट केली आणि ठणकावून सांगितलं, "ठकुबाई, तुमच्या धन्याला बढती मिळाली!"

महिन्याभरानं पलटणीतला एक शिपाई सुट्टीवर आला आणि ठकुबाईला भेटून गेला. त्यानंतर ती तडक भोरला गेली. शिवणवर्गात शिकणाऱ्या लेकीला, सगुणाला, तिनं हाताला धरून इंग्रजीच्या मास्तरांपुढं उभं केलं.

"हिला विंग्रजी शिकवा."

मास्तर हसले. "शिवण शिकणाऱ्या पोरीला इंग्रजी कशाला हो? साहेबाचे कोट शिवायचेत का?"

"आये, मला न्हाई जमायचं," सगुणा रडवेली होऊन म्हणाली.

"जमवायचं!" ठकुबाई कडाडली. तिनं कनवटीची तार काढून टेबलावर आपटली. "वाचा की, मास्तर. तुमास्नी तर येतंय!"

मास्तरांनी तार वाचली. त्यांची मान वर होईना.



"माझा धनी मेल्याचा गूळ म्या माझ्या हातानं गावभर वाटला, मास्तर!"