आश्रित : भाऊ

रकाना रिकामाच होता.

शंभूराजनं आयकराच्या पोर्टलवरचं पान बंद करून पुन्हा उघडलं. त्याचा पगार आपोआप आला होता, बँकेचं व्याज आलं होतं. फक्त ‘अपंग आश्रित’ या ओळीपुढं काहीच नव्हतं.

“अडलं का गुरुजी?” रोहिणी गवारी मोडता मोडता म्हणाली. “फुकटचं हाय म्हणून गोड लागंना व्हय? त्या कंपनीला दरसाल हजार रुपये देऊन लाड करून घ्यायची सवय लागलीय तुमाला.”

बायकोचं खरं होतं. निमगाव केतकीच्या शाळेतले सगळे मास्तर आता सरकारच्या मोफत पोर्टलवरच रिटर्न भरत. विकतचं सॉफ्टवेअर शंभूराज एकटाच धरून होता. त्यामागचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये काही लिहावं लागत नसे. ते विचारायचं, ‘गेल्या वर्षीचीच माहिती ठेवायची का?’ हा ‘हो’वर बोट टेकवायचा, आणि सिद्धूचं नाव आपसूक पडद्यावर यायचं. कुणी न बोलता उंबऱ्याशी येऊन उभं राहावं, तसं.

सिद्धू त्याचा धाकटा भाऊ. अंगानं बाप्या, मनानं चार वर्षांचा. बोलता येत नसे, पण कीर्तनात त्याची टाळी कधी चुकली नाही. सात वर्षांपूर्वी कळसच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, तो गर्दीत हरवला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नसे. वर्षातून एकदाच, जुलैत, आई ओले हात पदराला पुसत यायची, शंभूराजशेजारी उभी राहायची आणि विचारायची, “सिद्धूचं नाव हाय न्हवं तितं?”

“हाय, आई.”

मग ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघायची आणि आत जायची. त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. या एका नावावर म्हातारीचा श्वास अडकलाय, असं शंभूराजच्या मनानं घेतलं होतं. करातल्या सवलतीचे जे पैसे वाचत, ते तो सप्ताहाच्या पंगतीला देऊन टाकी. तरी ‘हो’वर टेकवलेलं बोट दिवसभर जड वाटे.

यंदा रोहिणीच्या आग्रहानं तो पोर्टलवर आला होता, आणि इथं मात्र सगळं आपल्या हातानं लिहायचं होतं. नातं. आधार क्रमांक. प्रमाणपत्राचा क्रमांक. आणि शेवटी हमी, की वरील माहिती खरी आहे.

त्यानं कपाटातून सिद्धूचं आधारकार्ड आणलं. फोटोत सिद्धू हसत होता, पण समोर न बघता जरा बाजूला. तिथं तेव्हा शंभूराज उभा होता. कार्ड समोर धरून त्यानं चार आकडे लिहिले. पाचव्याला बोट थांबलं. कानात तोच गजर सुरू झाला.

त्या दिवशी कीर्तन भरात आलं होतं. बुवा म्हणाले, “हात वर करा!” आणि विठ्ठलनामाचा असा कल्लोळ उठला की, माणूस स्वतःचा उरू नये. शंभूराजनं डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली. त्यातल्या एका हातात सिद्धूचा हात होता. डोळे उघडले तेव्हा शेजारची जागा मोकळी होती. पोलिसांत तक्रार मामानं दिली, याला तर शब्दच फुटत नव्हता. आईला त्यानं एवढंच सांगितलं, की रेटारेटीत हात सुटला. त्यानंतर तो कीर्तनाला जाई, पण मांडवाच्या कडेला हात खिशात घालून उभा राही.

पाठीमागं पाऊल वाजलं. त्याची आई, शकुबाई, येऊन उभी राहिली होती.

“सिद्धूचं नाव हाय न्हवं तितं?”

शंभूराजनं वळून पाहिलं.

“न्हाय, आई. हितं आपल्या हातानं लिवावं लागतंय, आन मला लिववंना. रेटारेटीत न्हाय सुटला त्याचा हात. मी सोडला. टाळी वाजवायला.”

रोहिणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. शंभूराजनं घाईनं खुर्ची पुढं सरकवली. आई पडेल असं त्याला वाटलं. शकुबाई पडली नाही. सावकाश खुर्चीत बसली.

“म्हाईत हाय मला. मागं बायकांत बसले व्हते मी. बघितलं.”

“आन बोलली न्हाईस?”

“आज तुझ्या तोंडानं भाईर पडलं, म्हणून सांगते. त्यो गावला व्हता, शंभू. चवथ्या दिशी, बावड्याच्या अलीकडं, नीरेच्या पाण्यात. बावड्याला मामाच्या घराकडं निघाला असंल. तक्रार मानसिंगमामाची, म्हणून पोलिसांनी त्यालाच बोलावलं. आमी दोघांनीच अग्नी दिला.”

पडद्यावर ते चार आकडे तसेच होते.

“सात वर्सं!” शंभूराजचा आवाज चिरकला. “आन दरसाल मला इचारत व्हतीस, त्याचं नाव हाय का म्हणून?”

“त्या दिसांत तू रोज कालव्यावर जायाचास. चपला काढून भरावावर बसायचास. मी लांबनं बघायची. म्हटलं, ह्याला कळलं तर ह्यो बी जाईल. त्याला हुडकायचं ऱ्हायलंय, म्हणूनच ह्यो थांबलाय.” तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “नाव त्याचं इचारायची, लेकरा, पर बघायची तुझ्याकडं. तू अजून त्याची वाट बघतूस, म्हंजी आणखी एक साल तू कुठं जात न्हाईस.”