लाल बसचं खोकं

तिने बोट पाण्यात बुडवलं आणि लाल बसच्या खोक्याच्या कोपऱ्यावर अलगद टेकवलं. पुठ्ठ्याने पाणी लगेच पिऊन टाकलं. पाहता पाहता बोराएवढा काळपट डाग पडला आणि वरचा कागद फुगला. आजवर ही खोकी तिने तळहाताच्या फोडासारखी जपली होती.

कपाटभर खेळण्यातल्या गाड्या होत्या आणि सगळ्या मुलाच्या. मुलगा आता चाळिशीला टेकलेला, कामासाठी दूर देशी राहणारा. त्यातली एकही गाडी कधी जमिनीवर धावली नव्हती. खोकं फोडलं की किंमत गेली, असा त्याचा नियम. म्हणून घरातली कोरडी, सावलीची खोली गाड्यांना दिलेली, खिडकीला जाड काळा पडदा. आई झोपायची मागच्या खोलीत, जिथे भिंतीचे पोपडे निघत आणि सकाळी उठताना गुडघे कुरकुरत. तिची काही तक्रार नव्हती. गाड्यांच्या निमित्ताने का होईना, दर रविवारी त्याचा फोन यायचा.

आताही तो वाजला. तिने हात घाईघाईने पुसले.

"आई, गाड्या ठीक?"

एरवी ती घडाघडा सांगत असे. दमटपणा मोजायचा काटा कुठे आहे, ओल शोषणाऱ्या पुड्या कधी बदलल्या, पडदा झटकला की नाही. मग तो "छान" म्हणे आणि फोन ठेवी. आज तिने वेगळंच सांगितलं.

"अरे, कपाटात ओल आलीय रे. लाल बसच्या खोक्याचा कोपरा गेला. मला तर काही सुचतच नाही. तूच एकदा येऊन बघ ना."

"लाल बस? अगं, नेमकी तीच? फोटो पाठव आधी."

तिने पाठवला. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, नाही असं नाही. पण त्याला समोर बसवून जेवू घालायचं होतं, तो वाळलाय की सुटलाय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यापुढे एका पुठ्ठ्याची काय कथा! पुन्हा फोन येईपर्यंत तिने मनातल्या मनात त्याचं अंथरूणसुद्धा घालून ठेवलं.

"आई, आता कशालाही हात लावू नकोस."

"नाही लावत. कधी येतोस?"

"मी कशाला? माणूस पाठवतोय. अशा वस्तू सांभाळणारी एक कंपनी आहे तिकडे. दुपारी येऊन सगळं घेऊन जाईल."

"सगळं?" तिने विचारलं. पण तो कंपनीला घरचा पत्ता कळवायच्या गडबडीत होता.

माणूस आला तो पांढरे हातमोजे घालूनच. एकेक खोकं मऊ कागदात गुंडाळत त्याने कपाट रिकामं करायला घेतलं. मधेच थांबून त्याने आतल्या फळीवर हात फिरवला, वाकून वास घेतला, काटा पाहिला.

"मावशी, ओल कुठेय? इतकं खडखडीत कपाट मी तरी पाहिलं नाही."

"तेवढं त्याला सांगू नका."

माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग डाग पडलेल्या कोपऱ्याकडे, आणि पुढचं खोकं गुंडाळायला घेतलं.

"ही एक राहू द्या," लाल बसवर हात ठेवत ती म्हणाली. "नाहीतरी बिघडलीच आहे."

"त्यांनी तीच आधी मागितलीय, मावशी." त्याने ते खोकं तिच्या हाताखालून हळूच काढून घेतलं.

संध्याकाळी फोन आला. एकाच दिवसात इतक्यांदा त्याचा आवाज ऐकून तिला उगीचच आशा वाटली.

"पोहोचलं हं सगळं. बसचा कोपराही दुरुस्त होईल म्हणतात. आता ती चांगली खोली तू घे, ऐसपैस झोप. सुटलीस बघ! दर रविवारी फोन करून तुझं डोकं खायचो, तेही आता बंद."

"खा की रे," ती म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. तो खदखदून हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा. किती दिवसांनी ते हसू कानावर पडलं म्हणून तीही हसू लागली, आणि तो फोन ठेवेपर्यंत हसतच राहिली.