जमिनीच्या मापाचा स्टँड

"सुतकात खुर्ची नाही, खाली बस," आत्या तिला म्हणाली. वडील जाऊन चारच दिवस झाले होते, पण ऑफिसची रजा संपली होती. ती लॅपटॉप घेऊन चटईवर बसली, तेव्हा आईने माळ्यावरून वडिलांनी केलेला सागवानी स्टँड काढून दिला.

तिची मान दुखते हे ऐकून त्यांनी तो हौसेने घडवला होता. तेव्हा ती वडिलांना म्हणाली होती, "अण्णा, मी टेबलावर काम करते. तिथे हा उंच होतो."

"मग खाली बसत जा की, अभ्यासाला बसायचीस तशी!"

"आता कोण बसतं खाली?" हसून ती तो इथेच टाकून गेली होती.

"दर दिवाळीला ते हा पुसून ठेवायचे," आई आता म्हणाली.

तिने लॅपटॉप स्टँडवर ठेवला. पडदा नेमका डोळ्यांसमोर आला. मीटिंगचा कॅमेरा सुरू झाला. मान खाली घालून रडायचीही सोय उरली नव्हती.